तक्तपोशी

मुलांनो, एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात उभे राहून वर पाहिले, तर माथ्यावरच्या तुळया दिसत नाहीत. त्यांच्या खाली एकीस एक जोडून बसविलेल्या गुळगुळीत फळ्या दिसतात. फळ्यांच्या या आच्छादनास ‘तक्तपोशी’ असे म्हणतात.

हा शब्द मूळचा फारसी आहे. इ. स. 1347 मध्ये दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. त्याच्या व पुढील शाह्यांच्या दरबारी फारसी भाषेस मोठा मान होता. त्यामुळे अनेक फारसी शब्द मराठीत रुळले.

आता हा शब्द उकलून पाहू. ‘तख्ता’ म्हणजे फळी. तुमच्या वर्गातील ‘तक्ता’ हा तोच शब्द होय. ‘पोश’ म्हणजे झाकणारा. पलंग झाकतो तो पलंगपोस, पाय झाकते ते पापोस आणि अंग झाकतो तो पोशाख. तेव्हा तक्तपोशी म्हणजे फळ्यांनी केलेले झाकण.

इंग्लंडात अशा फळ्या भिंतींना लावीत. तेथील दगडी भिंती हिवाळ्यात गारठत. लाकडाच्या अस्तराने खोलीत ऊब राही. या अस्तरास ‘वेन्स्कॉट’ म्हणतात. चौदाव्या शतकात बाल्टिक समुद्राकडून ओक वृक्षाच्या उत्तम फळ्या जहाजांनी इंग्लंडात येत. त्या फळ्यांचे हे नाव डच व उत्तर जर्मन व्यापाऱ्यांच्या बोलीतून इंग्रजीत आले. पुढे ते भिंतीच्या अस्तरासच मिळाले; मग लाकूड ओकचे असो वा नसो! मूळ शब्दाच्या पूर्वार्धात ‘गाडा’ असा अर्थ दिसतो. परंतु गाड्याचा या फळ्यांशी संबंध काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

तक्तपोशीचे तसे नाही. तक्ता, पोशाख, पलंगपोस ही तिची भावंडे आजही आपल्या बोलण्यात आहेत; म्हणून तिचा अर्थ आपणांस सहज उमगतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचे लाकडी काम 1828 च्या आगीत भस्मसात झाले. अन्य कित्येक वाडे पाडले गेले. वस्तू नाहीशी झाली, तरी तिची ओळख शब्दात उरते. मात्र तो शब्द कोणाच्या तरी तोंडी असावा लागतो. ते काम आता तुमचे आहे.

स्वाध्याय : ‘पोस’ किंवा ‘पोश’ असलेले आणखी शब्द घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व त्यांचे अर्थ लिहा.