टॉप-डाऊन की बॉटम-अप? आधी विचारा, हे माप ठरवतंय कोण



काउंटरचं मॉडेल बनवण्याच्या व्हिडिओत मी एक गोष्ट घाईत सांगून पुढे गेलो होतो. कॅडमध्ये कुठले पार्ट सुटे बनवायचे आणि कुठले मुख्य स्केचवरून काढायचे, ही ती गोष्ट. तिथे वेळ कमी पडला, म्हणून इथे निवांत लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी हे समजेल.

बॉटम-अप म्हणजे प्रत्येक पार्ट वेगळ्या फाईलमध्ये, स्वतःच्या मापाने बनवायचा आणि शेवटी सगळे असेंब्लीत आणून जोडायचे. ड्रॉवरला बॉक्सचं माप माहीत नसतं, बॉक्सला ड्रॉवरचं नसतं. टॉप-डाऊनमध्ये उलटं. आधी पूर्ण वस्तूचं एक मुख्य स्केच काढायचं, त्यात रुंदी, उंची, कप्पे ठरवायचे, आणि प्रत्येक पार्टने आपलं माप तिथून घ्यायचं. मुख्य स्केच बदललं की खालचे पार्ट आपोआप बदलतात.

हे ऐकून सगळे म्हणतात, मग टॉप-डाऊनच भारी की! मीही तेच म्हणायचो. मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. कॅड शिकलो ते दुकानात, चुका करत. त्यातल्या दोन चुका सांगतो. दोन्ही उलट बाजूच्या आहेत.

पहिली चूक, सगळं सुटं

एका बेकरीचा काउंटर होता. लांबी १८०० एमएम, तीन कप्पे, प्रत्येक कप्प्यात तीन ड्रॉवर. बाजूच्या दोन फळ्या आणि मधल्या दोन, अशा १८ एमएमच्या चार फळ्या म्हणजे ७२ गेले. उरले १७२८, भागिले तीन, एक कप्पा ५७६ चा. टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, मिस्त्रींच्या भाषेत चार सूत. आम्ही १३ एमएम धरतो. ५७६ मधून २६ वजा, म्हणजे ड्रॉवरचा खोका ५५० चा. हे सगळे पार्ट मी सुटे काढले होते. गणित कॅल्क्युलेटरवर, आकडे हाताने.

पाडव्याला उद्घाटन. चार दिवस आधी मालकांचा फोन आला, "कोपऱ्यात मीटरचा बॉक्स येतोय, काउंटर १६८० करा." मी बॉक्सच्या फळ्या बदलल्या, ड्रॉवरच्या दर्शनी फळ्या बदलल्या, असेंब्ली उघडून पाहिली. एकदम झकास दिसत होती. खोक्यांचं माप बदलायला मात्र विसरलो. कप्पा आता ५३६ चा झाला होता, खोका ५१० चा हवा होता, आणि फाईलमध्ये तो अजून ५५० चाच होता. स्क्रीनवर खोके भिंतीत घुसलेले होते, पण पुढच्या फळीमागे झाकले गेले होते. इंटरफेरन्स चेक मारला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. मारला नाही.

पाडव्याच्या आदल्या रात्री बेकरीत बसून मिस्त्रींनी नऊ खोके उसवले, पुढची-मागची फळी आणि तळ ४० एमएमने कापले आणि पुन्हा जोडले. मी टॉर्च धरून उभा. खोके मोठे होते म्हणून वाचलो, लहान निघाले असते तर प्लाय फेकावा लागला असता.

दुसरी चूक, सगळं बांधलेलं

त्यानंतर मी सगळंच टॉप-डाऊन करायला लागलो. चॅनेल, हँडल, बिजागरीसुद्धा मुख्य स्केचला बांधली. परिणाम काय? काउंटरची खोली ४० एमएमने कमी केली की मॉडेलमधलं चॅनेलही ४० ने आखूड व्हायचं! बाजारात तसं चॅनेल मिळत नाही. तिथे १६, १८, २० इंची अशा ठरलेल्या लांबीची मिळतात. स्क्रीनवरचा ड्रॉवर असा माल मागत होता जो कुठल्याच हार्डवेअरच्या दुकानात नाही.

इथून मला खरा नियम सापडला. पार्ट कसा बनवायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारा, याचं माप ठरवतंय कोण? गिऱ्हाईकाची जागा ठरवत असेल तर टॉप-डाऊन. बाजार ठरवत असेल तर बॉटम-अप. चॅनेल, बिजागरी, कुलूप, चाकं, काच बसवायचे क्लिप हे सगळं एकदा खऱ्या मापाने बनवून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि कुठल्याही जॉबमध्ये तसंच्या तसं आणा. कॅलिपर लावूनच बनवा, पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका.

गंमत बघा, एकाच ड्रॉवरमध्ये दोन्ही असतं. त्याची रुंदी कप्प्यावरून येते, म्हणजे गिऱ्हाईकाकडून. खोली येते चॅनेलच्या लांबीवरून, म्हणजे बाजारातून. त्यामुळे माझ्या खोक्याची रुंदी मुख्य स्केचला बांधलेली असते आणि खोली हाताने टाकलेली, १८ इंची चॅनेलला ४५०. प्लायची जाडी हा आणखी एक बाजाराचा आकडा. १८ चा म्हणून आणलेला प्लाय मोजला की बऱ्याचदा थोडा कमी भरतो, वर आतून सनमायका लावला की वाढतो. म्हणून जाडी जागोजागी १८ लिहू नका. एकाच ठिकाणी पॅरामीटर म्हणून ठेवा, माल आला की मोजा आणि तिथे बदला.

तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येईल. भोसरीत किंवा अंबडला कंपनीचं जॉबवर्क घेत असाल तर ड्रॉइंग तयारच हातात येतं, तिथे बॉटम-अप पुरे. एकच स्टूल शंभर वेळा विकत असाल तरी तेच. गेट, ग्रिल, मॉड्युलर किचन, दुकानाचं फर्निचर, जिथे प्रत्येक गिऱ्हाईकाचं माप नवीन, तिथे मुख्य स्केचवर घालवलेला एक दिवस पुढच्या प्रत्येक कोटेशनला परत मिळतो.

बांधताना एक शिस्त पाळा. प्रत्येक पार्टने फक्त मुख्य स्केचकडे बघायचं, शेजारच्या पार्टकडे नाही. घरात सगळ्यांनी आजीला विचारायचं, एकमेकांना विचारत बसायचं नाही, तसं. ड्रॉवरने फळीवरून माप घेतलं, फळीने दर्शनी पट्टीवरून, पट्टीने पुन्हा ड्रॉवरवरून, की गोल फिरणारा गुंता तयार होतो आणि सॉफ्टवेअर एरर देत बसतं.

कॉपी करताना सर्वांत जास्त जपा. एका स्टेशनरी दुकानाच्या १८०० च्या काउंटरवरून मी दुसऱ्या गिऱ्हाईकाचा १५०० चा केला. असेंब्लीची फाईल तेवढी नव्या नावाने सेव्ह केली. मुख्य स्केच आणि पार्ट जुनेच राहिले, दोन्ही जॉबना सामायिक. सहा महिन्यांनी स्टेशनरीवाले म्हणाले, एक दर्शनी फळी पाण्याने फुगली, नवीन द्या. फाईल उघडली, माप काढलं, फळी कापली. दहा सेंटीमीटर आखूड! ती फळी अजून दुकानात आहे, आम्ही तिच्यावर चहा ठेवतो. सॉलिडवर्क्समध्ये यासाठी पॅक अँड गो आहे, त्याने सगळ्या जोडलेल्या फाईल एकत्र कॉपी होतात. फ्रीकॅडमध्ये मी जुनी फाईल बंद करतो आणि अख्खा फोल्डर कॉपी करतो.

सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, हे प्रत्येक बॅचला विचारतात. फ्यूजनचं फुकट पर्सनल लायसन्स धंद्याच्या कामासाठी नाही, त्यावर गिऱ्हाईकाचं काम करू नका. फ्रीकॅड धंद्यालाही फुकट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, तिच्यात असेंब्ली आतच मिळते. आधी स्केच बदललं की त्यावर बसवलेलं पुढचं काम बऱ्याचदा तुटायचं, तो त्रासही तिच्यात बराच कमी झालाय. सुरुवातीला तेवढं पुरतं.

आता तुमचं मॉडेल उघडा आणि रुंदी बदलून बघा. आधी १६८०, मग १५००. दर वेळी इंटरफेरन्स चेक करा आणि खोक्याचं माप वाचा, ५१० आणि ४५० आलं पाहिजे. मग १२०० टाका. एरर येणार नाही, सगळं व्यवस्थित दिसेल आणि खोका ३५० चा होईल. त्यात बेकरीचा गल्ला मावतो का, की तीनऐवजी दोनच कप्पे करायचे, हे मुख्य स्केचला कळत नाही. तिथे मालकांना फोन करावा लागतो.