मेणाने गाडी का चमकते?

शाळेच्या सायकल स्टँडवर धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसणारी मुले आम्हाला रोज दिसतात. हा पाठ त्यांच्यासाठी.

सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो, म्हणून रंग चमकतो. बारीक ओरखड्यांवर प्रकाश विखुरतो आणि रंग फिका दिसतो. मेण हे ओरखडे भरून काढते.

कार्नाउबा मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळते. त्याने काळा, लाल असे गडद रंग अधिक गहिरे, ओलसर दिसतात. कृत्रिम पॉलिमरची चमक काचेसारखी असते आणि बहुधा जास्त दिवस टिकते. पांढऱ्या गाडीवर हा फरक फारसा कळत नाही.

करून पाहा : जुन्या डब्याच्या काळ्या, ओरखडलेल्या झाकणावर पाणी लावा. ओरखडे दिसेनासे होतील. पाणी वाळताच पुन्हा दिसतील. मेणही तेवढेच करते, फक्त अधिक काळ. ओरखडे ते झाकते, मिटवत नाही. म्हणून गाडी आधी पाण्याने धुवा, मगच पुसा. कोरड्या फडक्याखाली धुळीचे कण रंगावर घासले जातात आणि नवे ओरखडे पडतात.