लघुसंगणक : काटकसरीची रचना आणि तिची किंमत

संगणकाचा विचार करताना त्याचा वेग, त्याची स्मृती आणि त्याची किंमत हे तीन आकडे सर्वप्रथम पुढे येतात. शासकीय कार्यालय असो, शाळा असो वा पंचायत समिती असो, यंत्रखरेदीच्या टिप्पणीत हेच आकडे मांडले जातात. परंतु हे आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याची जाण असल्याखेरीज योग्य निवड होत नाही. ही जाण येण्यासाठी १९६० ते १९८० या काळातील लघुसंगणकांचा अभ्यास विशेष उपयुक्त ठरतो. ही यंत्रे इतकी लहान व साधी होती की, त्यांच्या रचनेतील प्रत्येक निर्णय आणि त्या निर्णयाचा परिणाम स्पष्टपणे दिसून येतो. यंत्रात केलेली काटकसर फुकट होत नसते. ती कोणाच्या तरी श्रमातून अथवा वेळेतून भरून काढावी लागते, हा या अभ्यासाचा मुख्य बोध होय.

मोठ्या यंत्रांचा काळ

१९६० च्या सुमारास संगणक म्हणजे वातानुकूलित दालन व्यापणारे, बहुधा भाड्याने घेतलेले महागडे यंत्र होते. ज्याचे काम असे त्याला त्या यंत्राजवळ जाता येत नसे. त्याने आपली आज्ञावली छिद्रित कार्डांवर उतरवून ती खिडकीतून आत द्यावी आणि काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी छापील उत्तर घेऊन जावे, अशी रीत होती. आज्ञावलीत एखादे चिन्ह चुकले असेल, तर तेवढ्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागे.

या पद्धतीला पर्याय देण्याचे काम ज्या संस्थांनी केले, त्यांत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी अग्रेसर होती. १९५७ मध्ये केन ओल्सेन व हार्लन अँडरसन यांनी ७०,००० डॉलरच्या भांडवलावर, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेनार्ड या गावी एका जुन्या लोकरगिरणीच्या इमारतीत ती सुरू केली. भांडवल पुरविणाऱ्यांना त्या काळी संगणकाचा धंदा किफायतशीर वाटत नव्हता. म्हणून कंपनीने आपल्या यंत्रास ‘संगणक’ न म्हणता ‘प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर’, संक्षेपाने ‘पीडीपी’, असे नाव दिले. १९६३ मधील पीडीपी-५ आणि त्यानंतर मार्च १९६५ मध्ये आलेला पीडीपी-८ या यंत्रांनी लघुसंगणकाचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. पीडीपी-८ ची किंमत सुमारे १८,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे ८६,००० रुपये होती. प्रयोगशाळा, कारखाना वा मुद्रणालय यांना स्वतःचे यंत्र स्वतःच्या खोलीत ठेवणे त्यामुळे प्रथमच शक्य झाले. या कुटुंबातील ५०,००० हून अधिक यंत्रे पुढे विकली गेली.

बारा बिटांत बसविलेली रचना

किंमत कमी कशी झाली, हे समजण्यासाठी यंत्राची रचना पाहावी लागते. द्विमान पद्धतीत ० व १ हे दोनच अंक असतात आणि अशा एका अंकास बिट म्हणतात. मोठ्या वैज्ञानिक संगणकांत एक ‘शब्द’ ३६ वा ४८ बिटांचा असे. पीडीपी-८ मध्ये तो केवळ १२ बिटांचा होता. शब्द लहान झाला की तारा, ट्रान्झिस्टर आणि स्मृतीतील चुंबकीय कडी यांची संख्या त्या प्रमाणात घटते. स्मृतीत असे ४,०९६ शब्द मावत. गणिताचे उत्तर साठविणारा संचायक एकच होता आणि मूलभूत आज्ञांचे प्रकार अवघे आठ होते.

एक आज्ञा एका शब्दात बसविलेली असे. बारांपैकी तीन बिट ‘काय करावयाचे’ हे सांगण्यात खर्च होत. दोन बिट पत्ता कसा वाचावयाचा हे सांगत. उरलेल्या सात बिटांत पत्ता लिहावयाचा, तर त्यांत १२८ च स्थाने दर्शविता येतात; स्मृतीत मात्र स्थाने ४,०९६ होती. यावर रचनाकारांनी काढलेला तोडगा समजण्यास कार्यालयातील नोंदवहीचे उदाहरण पुरेसे आहे. ४,०९६ ओळींची नोंदवही प्रत्येकी १२८ ओळींच्या ३२ पानांची आहे, असे समजावे. लिपिकाला, ज्या पानावर तो काम करीत आहे त्या पानावरील अथवा वहीच्या पहिल्या पानावरील ओळ थेट वाचता येते. अन्य पानावरील नोंद हवी असल्यास त्या पानाचा व ओळीचा संपूर्ण पत्ता लिहिलेली एक चिठ्ठी आधी पाहावी लागते. यंत्रात ही चिठ्ठी पाहण्यास स्मृतीची आणखी एक फेरी, म्हणजे १.५ मायक्रोसेकंद लागत असे. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. अशा रीतीने शब्दाच्या लांबीत जे वाचले, ते काही प्रमाणात वेळेच्या रूपाने द्यावे लागले.

वजाबाकी न येणारे यंत्र

पीडीपी-८ ला बेरीज येत होती. वजाबाकीची स्वतंत्र आज्ञा मात्र त्यात नव्हती. हा भाग शिक्षकांना वर्गात सहज शिकविता येण्यासारखा आहे. बारा बिटांत ० ते ४,०९५ या संख्या लिहिता येतात. बेरीज ४,०९६ वा त्याहून अधिक झाली, तर तेरावा अंक संचायकाबाहेर पडतो आणि उरलेली संख्या शिल्लक राहते. मोटारीच्या अंतरमापकाचे सर्व आकडे भरले की तो पुन्हा शून्यावर येतो, तसाच हा प्रकार आहे.

आता २५ मधून ९ वजा करावयाचे आहेत. ९ ऐवजी ४,०९६ − ९ = ४,०८७ ही पूरक संख्या घ्यावी आणि ती २५ मध्ये मिळवावी. बेरीज ४,११२ येते. त्यातील ४,०९६ बाहेर पडले की १६ उरतात आणि हेच इष्ट उत्तर होय. पूरक संख्या काढणेही सोपे असते. प्रत्येक ० च्या जागी १ व प्रत्येक १ च्या जागी ० लिहून शेवटी १ मिळविला की काम होते. उलटविणे व एक मिळविणे या क्रिया यंत्रात होत्याच. त्यामुळे वजाबाकीसाठी वेगळे मंडल जोडण्याचा खर्च वाचला. मूळ यंत्रात गुणाकाराचीही सोय नव्हती. सरकविणे व मिळविणे ही क्रिया बारा वेळा करणारी आज्ञावली लिहून तो करावा लागे. एका बेरजेस ३ मायक्रोसेकंद लागत, तर अशा गुणाकारास काही शे मायक्रोसेकंद लागत. मंडलातील खर्चाचा भार येथे आज्ञावलीकडे आणि ती लिहिणाऱ्याकडे वळविण्यात आला होता.

वेगाचा खरा हिशेब

३ मायक्रोसेकंदांत एक बेरीज, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३३,००० बेरजा होतात. हा आकडा माहितीपत्रकात उठून दिसतो. परंतु प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा अनुभव वेगळा असे. यंत्राशी जोडलेला साधा टेलिप्रिंटर छिद्रित कागदी फीत सेकंदाला १० अक्षरे या गतीने वाचीत असे. एक शब्द फितीवर दोन अक्षरांच्या जागेत बसे. तेव्हा संपूर्ण स्मृती भरण्यास ८,१९२ अक्षरे आणि त्यासाठी सुमारे ८१९ सेकंद, म्हणजे पावणेचौदा मिनिटांच्या आसपास वेळ लागे. प्रकाशाच्या साहाय्याने सेकंदाला ३०० अक्षरे वाचणारे उपकरण जोडल्यास हेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत होई. म्हणजेच बेरजेचा वेग दुप्पट करण्यापेक्षा फीत वाचणारे उपकरण सुधारणे अनेक ठिकाणी अधिक फलदायी ठरत असे.

यंत्र पूर्णतः रिकामे असेल, तर फीत कशी वाचावी हेही त्याला ठाऊक नसे. तेव्हा पुढील फळीवरील कळा वरखाली करून काही थोड्या आज्ञा हाताने भराव्या लागत. त्यांच्या आधारे मोठी वाचक-आज्ञावली आत घेतली जाई आणि ती मुख्य आज्ञावली आत आणी. चुंबकीय कड्यांची स्मृती वीज गेली तरी मजकूर राखून ठेवीत असे. म्हणून ही वाचक-आज्ञावली स्मृतीच्या शेवटच्या पानावर जपून ठेवण्याचा प्रघात होता.

काटकसर किती ताणावी याचेही उदाहरण याच कुटुंबात सापडते. १९६६ मध्ये १०,००० डॉलरहून कमी किमतीचा पीडीपी-८/एस आला. बाराही बिटांची बेरीज एकदम करण्याऐवजी तो एकेक बिट क्रमाने मिळवीत असे. किंमत उतरली, पण एका बेरजेस ३ ऐवजी ३६ मायक्रोसेकंद लागू लागले. किंमत जवळजवळ निम्मी आणि बेरजेचा वेळ बारापट, असा हा सौदा होता. टेलिप्रिंटरच्या गतीने चालणाऱ्या कामास तो पुरेसा होता. मोठ्या आकडेमोडीस नव्हता. यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न कामाचा उल्लेख केल्यावाचून निरर्थक ठरतो, तो असा.

वेगाच्या आकड्याविषयी याहून बोलके उदाहरण याच कंपनीच्या, ऑक्टोबर १९७७ मध्ये जाहीर झालेल्या व्हॅक्स-११/७८० या मोठ्या लघुसंगणकाचे आहे. तो सेकंदाला दहा लाख आज्ञा पार पाडणारा म्हणून ओळखला जाई. १९८४ मध्ये जोएल एमर व डग्लस क्लार्क यांनी प्रत्यक्ष काम चालू असताना त्याचे मोजमाप केले. एका आज्ञेस सरासरी १०.६ ठोके लागतात आणि एक ठोका एक पंचमांश मायक्रोसेकंदाचा असतो, असे त्यात दिसले. त्या हिशेबाने खरा आकडा दहा लाखांच्या निम्म्याहूनही थोडा कमी भरतो. दहा लाखांचा आकडा आयबीएमच्या एका यंत्राशी केलेल्या तुलनेतून रूढ झाला होता. यंत्र होते तसेच राहिले. मोजण्याची रीत बदलताच आकडा बदलला.

पत्त्याची चणचण आणि आज्ञावलीचे आयुष्य

१९७० मध्ये आलेल्या पीडीपी-११ मध्ये शब्द १६ बिटांचा झाला, आठ नोंदस्थाने आली आणि सर्व उपकरणे एकाच सामायिक मार्गावर जोडण्याची सुबक पद्धती आली. तरीही १६ बिटांच्या पत्त्याने ६५,५३६ च स्थाने गाठता येत. स्मृती स्वस्त होत गेली तशी ही मर्यादा जाचक ठरली. कंपनीचे रचनाकार गॉर्डन बेल यांनी १९७६ मध्येच असे प्रतिपादन केले की, संगणकाच्या रचनेत पत्त्यासाठी पुरेसे बिट न ठेवणे ही चूक सुधारण्यास सर्वांत कठीण असते. ३२ बिटांच्या व्हॅक्सच्या नावातच पत्त्याच्या विस्ताराचा उल्लेख आहे, तो याच कारणाने.

याच पीडीपी-११ वर बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांची युनिक्स ही कार्यप्रणाली वाढीस लागली. तिचा आरंभ १९६९ मध्ये पीडीपी-७ या त्याहून जुन्या यंत्रावर झाला होता. पीडीपी-११ वरील आरंभीच्या यंत्रात अवघी २४ किलोबाइट स्मृती होती. त्यातील १६ किलोबाइट कार्यप्रणालीस आणि ८ किलोबाइट वापरणाऱ्याच्या आज्ञावलीस मिळत. या टंचाईमुळे एकेक काम करणाऱ्या लहान आज्ञावली लिहून त्या एकमेकींस जोडण्याची शिस्त तेथे रुजली. १९७३ मध्ये युनिक्स ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिली गेली आणि त्यामुळे ती एका विशिष्ट यंत्राशी बांधलेली राहिली नाही. डिजिटल कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅक कंपनीत विलीन झाली, तिची यंत्रे संग्रहालयांत गेली. युनिक्सच्या कल्पना व ‘सी’ भाषा मात्र आजही वापरात आहेत.

तुर्भे ते बँकेची कार्यालये

भारतात लघुसंगणकाचा प्रारंभ महाराष्ट्राशी निगडित आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० मध्ये पूर्ण झाला. पुढे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झालेल्या कार्यातून १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा १२ बिटांचा संगणक तयार झाला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ हे त्याचे नाव तुर्भ्याच्या इंग्रजी नावावरूनच पडले. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या १९६७ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक कंपनीने ही मालिका टीडीसी-३१२ व १६ बिटांच्या टीडीसी-३१६ पर्यंत पुढे नेली. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील काम थांबविले आणि त्याच सुमारास देशी खाजगी कंपन्याही लघुसंगणक बनवू लागल्या. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८४ च्या अहवालात बँकांच्या यांत्रिकीकरणाची दिशा आखून दिली. शाखांत खातेनोंदणीची यंत्रे आणि त्यांवरील कार्यालयांत लघुसंगणक, अशी कामाच्या पायरीनुसार यंत्राची निवड त्यात सुचविली होती.

आजच्या निवडीसाठी बोध

आजचा साधा भ्रमणध्वनीही पीडीपी-८ च्या अनेक लक्षपट स्मृती बाळगतो. परंतु निवडीचे प्रश्न तेच आहेत. पहिला प्रश्न असा की, कामाचा खोळंबा नेमका कोठे होतो? दाखले देण्यास विलंब माहिती भरण्यात होत असेल, तर अधिक वेगवान यंत्र घेऊन तो दूर होणार नाही. दुसरा प्रश्न असा की, किमतीत जी बचत दिसते ती कोणाच्या श्रमातून भरून निघणार आहे? स्वस्त यंत्रणेमुळे ग्रामसेवकास अथवा शिक्षकास तीच माहिती दोनदा भरावी लागत असेल, तर ती बचत नव्हे. तिसरा प्रश्न असा की, यंत्र बदलल्यावर आज्ञावली व साठविलेल्या नोंदी पुढे नेता येतील काय? यंत्र काही वर्षांत बाद होते; जन्ममृत्यूच्या, जमिनीच्या व शाळेच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या टिकावयास हव्यात. खरेदीपूर्वी आपल्याच कार्यालयातील एका दिवसाचे प्रत्यक्ष काम त्या यंत्रावर करून पाहणे आणि लागलेला वेळ घड्याळाने मोजणे, ही या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळविण्याची सर्वांत सोपी व विश्वसनीय रीत आहे.