कथेचे सखोल वाचन : निकालाआधी पुरावा

भाषेच्या तासिकेत कथा दोन प्रकारे वाचली जाते. स्थूलवाचनात कथानक ध्यानी आले की काम भागते. सखोल वाचनात मात्र शब्दयोजना, घटनांचा क्रम, निवेदकाची दृष्टी आणि कथेत न सांगितलेले दुवे शोधावे लागतात. लघुकथा मोजक्या पृष्ठांची असल्याने तोच मजकूर चार तासिका पुन्हापुन्हा हाताळता येतो.

उदाहरणादाखल आम्ही अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा घेतो. वारणाकाठचा भीमा पोटासाठी मुंबईत येतो व दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडते आणि तो मढ्यांच्या राखेत, पुरलेल्या प्रेतांवर सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजताना, प्रेत उकरताना त्याच्यावर बोटे गमावण्याची पाळी येते. आणि नेमकी तेव्हाच खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी कानी पडते.

पहिल्या तासिकेत आम्ही कथा केवळ वाचून दाखवतो. स्पष्टीकरण देत नाही. दुसऱ्या तासिकेत मूकवाचन होते. अडलेल्या शब्दाखाली विद्यार्थी पेन्सिलीने रेघ ओढतात आणि शब्दकोश उघडण्यापूर्वी मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ ताडून पाहतात.

तिसरी तासिका प्रश्नांची. ‘भीमा चोर आहे काय?’ असे विचारताच बहुतेक हात होकारार्थी वर जातात. त्यावर आमचा एकच प्रतिप्रश्न असतो : ‘कशावरून?’ मग पुस्तक पुन्हा उघडले जाते. खाण आधी बंद पडली, स्मशानाची वाट नंतर आली, हा क्रम कोणाच्या तरी ध्यानी येतो. दुसरा एखादा, परिस्थिती कशीही असली तरी कृत्य गैरच, असे कथेतील ओळ दाखवून मांडतो. दोन्ही मते ग्राह्य, अट पुराव्याची. ती बातमी एक दिवस आधी आली असती तर काय झाले असते, या प्रश्नाने शेवटाचे मर्म उलगडते. चौथ्या तासिकेत प्रत्येकाने गाईड न पाहता स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहावयाच्या.

एवढा आग्रह कशासाठी? आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरांपासून दूर ठेवले गेले आणि त्यांच्याविषयीचे निवाडे मात्र इतरांनी परस्पर दिले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या 1946 च्या ग्रंथात बाबासाहेबांनी तेच प्राचीन ग्रंथ बारकाईने तपासले आणि रूढ निष्कर्षांना आव्हान दिले. वाचन ही सत्ता आहे, ती अशी. भीमाला न वाचताच चोर ठरवणारा विद्यार्थी उद्या शेजाऱ्यालाही तसाच ठरवील. आणि स्वतःवर लादलेला शिक्काही निमूटपणे मान्य करील.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती : सुटीत मूल घरी आले की त्याच्याकडून एक कथा मोठ्याने वाचून घ्यावी. घरातील मोठ्यांना लिहितावाचता येत नसले तरी ऐकता येते. वाचून झाल्यावर ‘किती गुण मिळाले?’ असे न विचारता ‘तुझे मत काय, आणि कशावरून?’ एवढेच विचारावे.