तेलाचा कॅन, करवंटी आणि माळव्याचा सकोरा

उन्हाळा लागला की माळव्यात, म्हणजे धार-देवासच्या बाजूला, बऱ्याच अंगणांत आणि गॅलऱ्यांत मातीचे सकोरे टांगलेले दिसतात. सकोरा म्हणजे आपल्या परळीसारखंच पसरट, उथळ भांडं. काठाला तीन दोऱ्या बांधायच्या, कडुलिंबाच्या फांदीला नाहीतर खिडकीच्या गजाला अडकवायचं आणि रोज पाणी भरायचं. तिकडे आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. धार पवारांची, आणि देवासही पवारांचंच, थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांचं. मच्छीमारही तिकडे आहेत. धार जिल्ह्यात खलघाट, धरमपुरी आणि देवास जिल्ह्यात नेमावर ही गावं नर्मदेच्या काठावर. आपली बंदी 1 जून ते 31 जुलै, त्यांची 16 जून ते 15 ऑगस्ट.

तिथला उन्हाळा कोरडा. पारा चाळीसच्या वर जातो आणि डबकीसुद्धा आटतात. देवास शहराने तर 1990 मध्ये रेल्वेने आलेलं पाणी प्यायलंय. बोअर मारत मारत जमिनीतलं पाणी संपवलं होतं. मग 2006 पासून तिथल्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदली, हजारोंनी. तळी भरली तशी पाखरंही आली. त्यांना कोणी दाणे टाकायला गेलं नव्हतं, पाणी होतं म्हणून ती आली. म्हणून आम्ही आधी पाण्याचंच सांगतो, दाण्याचं नंतर. आपल्याकडे समोर अख्खा समुद्र असला तरी चिमणी, बुलबुल, साळुंकी खाऱ्या पाण्यावर तहान भागवत नाहीत.

सकोरा विकतच आणला पाहिजे असं नाही. घरात नारळ फुटतोच. करवंटीचे दोन भाग होतात, एकाला डोळे असतात, एकाला नसतात. बिनडोळ्याची करवंटी पाण्याला घ्यायची. डोळ्यांची दाण्याला, आणि तिचा मऊ डोळा खिळ्याने आरपार टोकरून ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. दोन्हींना काठाखाली बोटभर अंतरावर तीन भोकं पाडून काथ्याची दोरी ओवायची. झालं काम.

मोठं भांडं हवं तर खाद्यतेलाचा पाच लिटरचा कॅन घ्या. गरम पाणी आणि साबणाने आतला तेलकटपणा पूर्ण काढा. पाखराच्या पिसाला तेल लागलं की पीस चिकटतं आणि पाखरू भिजतं. मग कॅनच्या बाजूला हाताच्या पंज्याएवढी खिडकी कापा, तळापासून दोन इंच सोडून, म्हणजे दाणे बाहेर सांडणार नाहीत. कापलेली कड धारदार असते, तिच्यावर जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा. बुडाला तापवलेल्या सुईने सात-आठ बारीक भोकं पाडा. वरच्या मुठीला सुतळी बांधली की कॅन टांगायला तयार. पाण्याच्या बाटलीचंही असंच करता येतं. खालच्या भागात बांबूची काडी आरपार घालायची आणि काडीच्या वर करंगळीचं टोक जाईल एवढं भोक ठेवायचं. पाखरू काडीवर बसून एकेक दाणा काढतं. आमच्या मते मात्र कॅनच बरा, बाटलीत दाणे अडकतात.

आता बोटमालकांसाठी. इंजिन ऑइलचे कॅन ह्या कामाला अजिबात नकोत. कितीही धुवा, वास आणि अंश राहतो. माळव्यात सोयाबीन-कापसाच्या फवारणीच्या औषधाचे डबे घरात पडलेले असतात, आपल्याकडे ऑइलचे कॅन. दोन्ही पाखरांच्या जवळपास नकोत.

आणि तंगूस. बांधायला तंगूसाचा तुकडा हाताशीच असतो, मजबूत असतो, म्हणून पहिला तोच उचलला जातो. नका उचलू. तंगूस पाखराला नीट दिसत नाही. पाय अडकला की ते ओढतं, ओढलं की गाठ आवळते आणि पाय कापतो. त्याहून वाईट म्हणजे पाखरं तो धागा घरट्यात नेतात. पिल्लू वाढतं, पायाभोवतीचा फास काही वाढत नाही, आणि उडायच्या दिवसांत पिल्लू घरट्याला लटकून मरतं. बंदीत आपण अंगणात जाळी शिवायला बसतो आणि ओटाभर तुकडे पडतात. नेमके तेच बऱ्याच पाखरांचे घरटी बांधायचे दिवस. टांगायला सुतळी, काथ्या किंवा जाड सुती दोरीच वापरा.

भांडं टांगायचं सावलीत, सहा-सात फुटांवर, मांजराला उडी मारता येणार नाही अशा जागी. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक दगड ठेवा. रोज पाणी बदलायचं आणि भांडं आतून घासायचं. नुसतं वरून भरत राहिलात तर आठवडा-दहा दिवसांत त्याच पाण्यातून डास उडतील, आणि डेंग्यूचा त्रास आपल्यालाच. दाण्यात बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी चालते. फरसाण, वेफर नको. मिठातलं सुकटही नको, मीठ पाखरांना बाधतं. जेट्टीवर पर्यटक कुरवांना गाठ्या फेकतात तेही आम्हाला पटत नाही. कोकणच्या पावसात दाणा दोन दिवसांत बुरसतो, तेव्हा पावसाळ्यात दाण्याचं भांडं काढूनच ठेवलेलं बरं.

चिमणीबद्दल एक सांगायचं राहिलं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन सुरू केला, तेव्हापासून दाण्याची भांडी घरोघर लागली. पण चिमणीची पिल्लं दाण्यावर वाढत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. परसात थोडं गवत, एखादं झुडूप राहू द्या, सगळं सिमेंट करू नका.

आणि सगळीच पाखरं भांड्यावर येत नाहीत. धार जिल्ह्यातच सरदारपूरला तणमोरासाठी 1983 मध्ये अभयारण्य झालं. तणमोर पावसाळ्यात माळावरच्या गवतात येतो, नर गवताच्या वर उड्या मारून मादीला बोलावतो. त्याला कॅनही नको, सकोराही नको, गवताळ माळ शाबूत हवा. आपल्याकडच्या खंड्याचं, बगळ्याचंही तसंच, त्यांना खाडी हवी.

ह्या रविवारी कॅन कापायला घ्याल तेव्हा तंगूसासाठी एक झाकणाची बरणी पण काढून ठेवा. जाळं शिवताना बाजूला ठेवायची, तुकडा कापला की थेट आत. बरणी भरली की भंगारवाल्याला विचारा, नायलॉन घेतो का. नाही घेतलं तर झाकण घट्ट लावून कचऱ्याच्या गाडीत द्या. खाडीत टाकू नका, जाळूही नका.