बेकारी भत्त्याचा दावा कुठे अडतो?

काम सुटले तर सरकारकडून काही मिळते काय, असे कारागीर बंधू नेहमी विचारतात. ज्यांच्या पगारातून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जाते त्यांना मिळू शकते. स्वतःचे दुकान किंवा स्वतःचा माग चालविणाऱ्यास यातून काही मिळत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ रोजी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता. आधी तो सरासरी रोजाच्या २५ टक्के होता. कोरोनाच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासून, ५० टक्के करण्यात आला. योजनेची मुदत वेळोवेळी वाढविली गेली आहे, म्हणून आपले काम सुटले त्या तारखेला कोणता नियम लागू होता ते शाखा कार्यालयात आधी विचारावे.

आता हिशेब पाहू, कारण निम्मी नाराजी येथूनच सुरू होते. शेवटच्या पगाराच्या निम्मे मिळतील असे लोक समजतात. तसे नाही. मागील चार वर्गणी कालावधींची (म्हणजे दोन वर्षांची) एकूण कमाई ७३० ने भागतात. समजा, शिलाई कारखान्यातील कारागिराला महिना १४,६०० रुपये मिळत होते. चोवीस महिने पूर्ण भरले असतील तर रोज ४८० रुपये निघतो. ५० टक्क्यांनी २४० रुपये, ९० दिवसांचे २१,६०० रुपये. पण वर्गणी अठराच महिन्यांची भरलेली असेल तर भागाकार ७३० नेच होतो. रोज ३६० वर येतो आणि हाती १६,२०० रुपये पडतात.

२०२० मध्ये सवलत दिलेल्या अटींनुसार किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी. काम सुटण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत ७८ दिवसांची आणि उरलेल्या तीनपैकी एका कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे धरतात. पूर्वी दावा मालकामार्फत पाठवावा लागे व ९० दिवस थांबावे लागे. सवलतीनंतर तीस दिवसांनी कामगार स्वतः दावा करू शकतो.

मग अडते कुठे? बहुधा मालकाच्या टेबलावर. कामगार गेल्याची तारीख आणि कारण मालकाने संगणकावर नोंदवायचे असते. तारीखच भरली नाही तर कागदोपत्री माणूस कामावरच असतो. कारण चुकीचे लिहिले तर त्याहून वाईट, कारण गैरवर्तनाबद्दल काढलेल्यास किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास भत्ता नाही. कारखानदार बंधूंनी ध्यानात घ्यावे की या नोंदीला एक पैसा खर्च नाही. वर्गणी कापून न भरणे हा मात्र फौजदारी गुन्हा आहे.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे ती फार. आधारवर 'मोहम्मद', विमा कार्डावर 'मो.', बँकेत 'महंमद'. कुठे शेख आधी तर कुठे शेवटी. तिन्ही नोंदी जुळल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. ही दुरुस्ती नोकरी चालू असतानाच करून घ्यावी. नंतर मालक भेटतोच असे नाही.

कारखाना कायमचा बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली असेल तर १ एप्रिल २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आधी विचारावी. तिचा भत्ता अधिक काळाचा आहे.

दावा देताना पोचपावती घ्यावी. नाकारला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नये, कारण लेखी मागावे. शाखेत दाद लागली नाही तर क्षेत्रीय कार्यालयात जावे. मुंबईत ते लोअर परळच्या पंचदीप भवनात आहे. तेथेही उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करावा आणि त्यात एवढेच विचारावे: माझा दावा कोणत्या तारखेपासून, कोणाच्या टेबलावर, कोणत्या कारणासाठी थांबला आहे? तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.