मधल्या फळीतला मॅनेजर

मॅनेजमेंट म्हटलं की आपल्याला एकदम चेअरमनच आठवतो. पण ज्या उद्योगसमूहात मिठापासून ट्रकपर्यंत सगळं बनतं, तिथे एका कंपनीतलं ज्ञान दुसरीत कोण नेतो? मधल्या फळीतला मॅनेजर. वरच्यांचे निर्णय आणि खालच्यांच्या अडचणी, दोन्ही त्याच्याच टेबलावर येतात. मात्र त्याचं प्रमोशन स्वतःच्या कंपनीच्या आकड्यांवर ठरतं. मग शेजारच्या कंपनीला मदत तो कशाला करेल? खरी अडचण इथे आहे.

टाटा समूहाचे तीन उपाय अभ्यासण्यासारखे आहेत.

१) फिरतं प्रशिक्षण : १९५६ मध्ये जे. आर. डी. टाटांनी टाटा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली. निवडलेल्या तरुणांना वेगवेगळ्या कंपन्यांत कामाला लावायचं, म्हणजे तो एकाच कंपनीचा होऊन बसत नाही.

२) एकत्र शिक्षण : १९६६ मध्ये पुण्यात टाटा मॅनेजमेंट ट्रेनिंग सेंटर निघालं. पोलादवाला, मोटारवाला आणि हॉटेलवाला एका वर्गात बसले की ओळख होते. पुढे काही अडलं तर फोन करायला संकोच वाटत नाही.

३) एकमेकांची तपासणी : १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या माल्कम बाल्ड्रिज पुरस्काराच्या धर्तीवर गुणवत्तेची पद्धत आली. एका कंपनीचे मॅनेजर दुसरीत परीक्षक म्हणून जातात. चुका तर दाखवतातच, पण तिथलं चांगलं काम पाहून आपल्याकडेही आणतात.

कंपन्या एकत्र आल्या की काय होतं, याचं उदाहरण म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आलेला ‘टाटा स्वच्छ’ फिल्टर. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायची कल्पना टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधन केंद्राची. राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. फिल्टर विकला टाटा केमिकल्सने, आणि उत्पादनातल्या बारीक कामात घड्याळवाल्या टायटनची मदत झाली. वीज नको, नळ नको, किंमत तेव्हा हजाराच्या आत. यातल्या कोणत्याही एका कंपनीकडे हे सगळं नव्हतं.

आता आपलं बघा. उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं टँकरवर असतात. पाणी हा प्रश्न एकट्या सिव्हिलचा नाही. पंप मेकॅनिकलचा, सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सचा. तरी आपले प्रोजेक्ट ग्रुप ब्रँचप्रमाणेच पडतात, कारण मार्कही ब्रँचप्रमाणेच मिळतात. सरांना एक विनंती : फायनल इयरच्या प्रत्येक ग्रुपमध्ये दुसऱ्या ब्रँचचा एक तरी विद्यार्थी घ्यावा, आणि त्याचे मार्क त्याला त्याच्या ब्रँचमध्ये मिळावेत. दुसरा भाग राहिला तर पहिला टिकणार नाही.